बोट ठेवून

शर्टाच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर ती अकरा वर्षं उभी होती, आणि तिथे तिला कुणीही नावाने हाक मारत नसे. सगळे तिला भिंग म्हणत. कॉलरच्या आत दडलेला सुटा धागा, दोन काजांमध्ये सुताएवढा पडलेला फरक, कफच्या टोकाला ओढली गेलेली शिवण, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. शिलाईच्या बायका म्हणायच्या, भिंगापुढे शर्ट ठेवण्यापेक्षा पोलिसांपुढे उभं राहिलेलं परवडलं. आपल्याला हे नाव आवडत नाही असं ती दाखवायची. खरं म्हणजे आवडायचं.

टेबलावरचा एक नियम तिनेच भांडून चालू करून घेतला होता. एका चेकरला शर्टात खोट सापडली, की त्यावर लावलेली खुणेची चिठ्ठी काढून टाकायची, तो नऊ चांगल्या शर्टांत मिसळायचा आणि दुसरीकडे द्यायचा. दुसरीला काही सांगायचं नाही. सांगितलं की तिची नजर थेट तिथेच जाते आणि नसलेलंसुद्धा दिसायला लागतं. दोघींना सापडलं तर खोट पक्की. दुसरीला सापडलं नाही, तर शर्ट टेबलावर पसरायचा आणि पहिलीने बोट ठेवून दाखवायचं. सुपरवायझर आधी कुरकुरला, "शर्ट आहेत का चोर आहेत?" म्हणाला. पण परत येणारा माल कमी झाला, तसा तोही गप्प बसला.

नियमाला तीन पायऱ्या होत्या. हे एवढ्यासाठी सांगायचं, की स्वतःवर वेळ आली तेव्हा भिंगाला त्यातल्या दोनच आठवल्या.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी म्हणजे नुसतं जायचं, बाळ बघायचं आणि परत यायचं, असंच घरात सगळे धरून चालले होते. तपासणारी डॉक्टर तरुण होती, बोलकी होती. हा पाय, हा कणा, हे बघा, हात तोंडाशी नेलाय, असं कौतुकाने दाखवत होती. मग ती छातीशी आली आणि बोलायची थांबली. हात चालू, डोळे पडद्यावर, तोंड बंद.

भिंगाला ती शांतता लगेच ओळखू आली. अकरा वर्षं ती स्वतः दिवसातून वीसदा अशी गप्प होत होती. फक्त टेबलाच्या त्या बाजूला कधी पडली नव्हती.

चाळीस मिनिटं गेली. डॉक्टरने तिला उठून बसायला मदत केली, नवऱ्याला आत बोलावलं आणि एका कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित आहेत, म्हणाली. पण हृदयातून वर निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींच्या जागी लागलेल्या दिसतात.

"चार कप्पे ठीक असतात, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही," ती म्हणाली. "वरच्या दोन वाहिन्या मुद्दाम शोधून बघाव्या लागतात."

"म्हणजे डावी बाही उजवीकडे," भिंगाच्या तोंडून निघालं.

डॉक्टरने क्षणभर विचार केला. "हो. दोन्ही बाह्या चांगल्या, पण जागा चुकलेल्या. पोटात आहे तोवर बाळाला काही त्रास नाही, तुमच्या रक्तावर चाललंय. जन्मल्यावर मात्र काही तासांत निळं पडू शकतं. यावर ऑपरेशन होतं, पहिल्या दोन आठवड्यांत, आणि बहुतेक मुलं पुढे चांगली वाढतात. पण बाळाचा जन्म जिथे लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत अशाच हॉस्पिटलात व्हायला हवा. आधी तिथल्या तज्ज्ञांकडून पक्कं करून घेऊ. बारा दिवसांनंतरची वेळ मिळतेय."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून "घाबरू नका, पाच मिनिटं" असं ओरडून सांगायची त्याला इतकी सवय झाली होती, की घरातही सगळ्याला त्याचं हेच उत्तर असे. गॅस संपला, पाच मिनिटं. ताप आला, पाच मिनिटं. त्या दिवशी जिना उतरताना त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "घाबरू नकोस." पुढचे दोन शब्द त्याने गिळले.

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मशीनच ते. आपल्या टीव्हीवर नाही का चांगल्या माणसाची दोन डोकी दिसायची?"

"आई, तो टीव्ही वीस वर्षांपूर्वीचा होता," नवरा म्हणाला.

"मग हे मशीन कालचं आहे का? विचारलंस तू?"

दोन गल्ल्या पलीकडे एक लहानसं प्रसूतिगृह होतं. नवरा तिथेच जन्मला होता, नणंदेची दोन्ही मुलं तिथेच झाली होती, आणि तिथल्या वयस्क नर्सबाईंशी सासूबाईंनी तिसऱ्याच महिन्यात बोलून ठेवलं होतं. चार पायऱ्या चढायच्या, डावीकडची खोली, खिडकीशी खाट. सगळं ठरलेलं. त्या खोलीत निळं पडलेलं बाळ सासूबाईंच्या डोक्यात मावत नव्हतं. तसं ते कुणाच्याच डोक्यात मावत नव्हतं.

पुढचे दिवस घरात अळीमिळी गुपचिळी. तिघंही जेवत, तिघंही भांडी वाजणार नाहीत अशी उचलत. ती कामावर जाई, सहाशे शर्ट बघे, येई आणि पाय वर करून पडून राही. पाय सुजत. पण पायांचा थकवा निदान कुठे आहे ते कळतं. हा दुसरा थकवा अंगात कुठेही बोट ठेवून दाखवता येत नव्हता. बारा दिवस काढायचे म्हणजे एकेक दिवस पाठीवर वाहून न्यायचा, आणि पाचव्या दिवशीच तिचा दम संपला.

"दुसऱ्या कुणाला दाखवू या," ती म्हणाली.

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांच्या मैत्रिणीच्या सुनेचं सगळं एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बघितलं होतं. हसतमुख माणूस, पंचवीस वर्षांचा हात. नवऱ्याने फोन केला, संध्याकाळची शेवटची वेळ मिळाली.

निघण्यापूर्वी तिने फाइलमधून तो रिपोर्ट काढला आणि कपाटात, घडीच्या कपड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर नवऱ्याला सांगितलं, "मी आधीचं काही दाखवणार नाही. तुम्हीही काही बोलायचं नाही."

"का?"

"दुसरीला सांगायचं नसतं."

त्याने तिच्याकडे बघितलं. "तुझं टेबल, तुझा नियम," तो म्हणाला. त्याला वाटलं, हिला यातलं कळतं. तिलाही तसंच वाटत होतं.

"आधी कुठे तपासणी झालीय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुरुवातीला एक झाली होती. त्यानंतर नाही."

इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. डॉक्टरांनी मशीन फिरवलं. डोकं, पोट, पाय. छातीशी आले. "एक, दोन, तीन, चार. चारही कप्पे सुरेख. ठोके बघा, घोडा पळतोय नुसता. काही काळजी नाही. अभिनंदन."

सात मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ तिला पडल्या पडल्या दिसत होतं. डॉक्टरांनी मध्ये एकदा त्याच्याकडे बघितलं, तेही दिसलं. मागे मदतनीस बाई कपाटाला कुलूप लावत होती, तेही ऐकू आलं. भिंगच ते, त्याच्यातून काय सुटणार? पण त्या दिवशी तिने बघितलेलं न बघितल्यासारखं केलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती ते "अभिनंदन" प्यायली.

बाहेर आल्यावर नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून हसत सुटला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. तिथूनच त्याने मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला.

"वेळ रद्द केलीत तर पुढची महिन्याभराने मिळेल," पलीकडची मुलगी म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, तिलाही ऐकू गेलं.

"चालेल, चालेल. सगळं ठीक आहे आमचं," तो म्हणाला. ती शेजारी उभी होती. काही बोलली नाही.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या, गाढ झोपल्या, सकाळी उठून जुन्या मऊ कपड्यांचं बोचकं काढून दुपटी शिवायला बसल्या. "सांगितलं होतं ना मी? मशीन," असं त्या दिवसातून तीनदा म्हणायच्या, आणि दर वेळी नवरा "हो आई, टीव्ही" म्हणायचा. घरात भांडी पुन्हा वाजायला लागली. तिलाही बरं वाटलं, नाही असं नाही. फक्त तिचा थकवा गेला नाही. आनंद झालाय तर अंग असं शिशासारखं का, हे तिला कळेना. की कळत होतं, देव जाणे. "वरच्या दोन वाहिन्या मुद्दाम शोधून बघाव्या लागतात," हे वाक्य तिला पाठ होतं. भांडी घासताना ते येई, तशी ती नळ मोठा सोडे.

चौथ्या दिवशी, कारखान्यात, काकूंनी तिला खिडकीशी बोलावलं.

काकू म्हणजे टेबलावरची दुसरी नजर. वयाने मोठ्या, दोन वर्षांत रिटायर होणार होत्या, आणि भिंगाची टिंगल करायचा हक्क कारखान्यात फक्त त्यांना होता. त्यांनी एक निळा शर्ट उजेडात धरला. पुढचे दोन्ही भाग एका ताग्यातले, पाठ दुसऱ्या ताग्यातली. दोन निळे. दिवसाउजेडी आंधळ्यालाही कळलं असतं.

"कुणी पास केला हा?" तिने विचारलं.

काकूंनी आतला शिक्का दाखवला. तिचाच होता.

"सोमवारचा माल आहे. शेवटच्या तासाचा," काकू म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

ती शर्टाकडे बघत राहिली. "मला दिसलं कसं नाही?"

"अगं, दिसत नाही असं नसतं. शेवटच्या तासाला आपण बघतच नसतो. हात उलटपालट करतात, डोळे घरी गेलेले असतात. त्यात तुझी ही अवस्था. जाऊ दे, मी अल्टरमध्ये, दुरुस्तीच्या ढिगात टाकते. कुणाला कळायचं नाही."

"काकू," ती म्हणाली, "दुसरीला खोट सापडली नाही तर काय करायचं?"

"मला विचारतेस? नियम तुझा. पहिलीने बोट ठेवून दाखवायचं."

"आणि दाखवायचंच नसेल तर?"

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं. त्या हळू बोलल्या. "मग त्याला तपासणी नाही म्हणत, बाळा. नुसत्या घड्या घालणं झालं ते."

ती स्टुलावर बसली. अकरा वर्षांत कामाच्या वेळी ती कधी बसली नव्हती. सुपरवायझरने लांबून बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी नवरा हातपाय धुऊन आला तेव्हा तिने वर्तमानपत्राखालचा रिपोर्ट काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. सासूबाई शेजारच्या खोलीत शिवत होत्या.

"मी उद्या परत जातेय त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. हा घेऊन."

"कशाला उकरून काढतेस?" त्याचा आवाज चढला नाही, बसला. "चार दिवस झाले आई झोपतेय. मी झोपतोय. ठीक आहे म्हणाले ना ते?"

"त्यांनी कप्पे मोजले. नळ्या बघितल्याच नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. मी तिथेच पडले होते." ती त्याच्या समोर बसली. "अहो, लिफ्ट दुरुस्त झाली की पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः आत बसून वर जाता. रिकामी का नाही पाठवत?"

तो बराच वेळ रिपोर्टच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिला. पलीकडे सासूबाईंची कात्री कचकच चालली होती.

"मला उद्या सुट्टी मिळायची नाही," शेवटी तो म्हणाला.

"मी जाते एकटी. सकाळचा पहिला नंबर घेतलाय."

सकाळी दवाखाना नुकताच उघडला होता, फरशी ओली होती. डॉक्टरांनी तिला ओळखलं, हसले. तिने बसण्याआधीच रिपोर्ट टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्याकडे यायच्या पाच दिवस आधी हा झाला होता."

त्यांनी वाचलं. हसू गेलं. पुन्हा वाचलं, आणि मग त्यांना राग आला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. "असं लपवतात का कुणी डॉक्टरपासून? परीक्षा घेत होता माझी?"

"आमच्या कारखान्यात दुसऱ्या चेकरला सांगत नाहीत. म्हणजे तिची नजर..."

"मी शर्ट तपासतो का बाई?"

"नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही सापडलं, तर ते नसेलच, असं मला हवं होतं."

डॉक्टर उठले, हात धुतले आणि तिला आत झोपायला सांगितलं.

या वेळी ते घाईत नव्हते. छातीशी आले आणि तिथेच राहिले. मशीन तिरपं धरलं, परत सरळ केलं, पडदा थांबवला, सोडला, पुन्हा थांबवला. बोलले नाहीत. ती छताकडे बघत पडली होती. अकरा वर्षं तिने प्रत्येक शर्टावर आपलंच खरं ठरावं म्हणून भांडण केलं होतं. आज पहिल्यांदा, जीव तोडून, तिला वाटत होतं की आपलं चुकावं. बोट ठेवलं तिथे काही नसावं आणि साऱ्या टेबलाने आपल्याला हसावं.

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतःचं बोट काचेवर टेकवलं.

"या दोन नळ्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. या शेजारी शेजारी सरळ जाताहेत." त्यांनी चष्मा काढला. "आधीच्या डॉक्टरचं बरोबर आहे. माझ्याकडून सुटलं."

"शेवटचा तास होता," ती म्हणाली. का कोण जाणे, तिला त्यांची दया आली.

"ते कारण नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "तुम्ही आला नसता तर बाळ कुठे जन्मलं असतं?"

"दोन गल्ल्या पलीकडे. चार पायऱ्या चढून डावीकडे."

त्यांनी मान खाली घातली. मग तिच्यासमोरच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला, तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर बोलावून घेतलं, आपलं चुकलं हेही सांगितलं, आणि परवाची वेळ मिळवली. बाळंतपणासाठी नावही तिथेच नोंदवलं जाईल, म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर बाकावर बसून तिने चपला काढल्या. पट्ट्यांचे वळ पायांवर उमटले होते. समोर एक बाई लहान मुलाचं नाक पुसत होती. दोन गल्ल्या पलीकडची खिडकीजवळची खाट आता दुसऱ्या कुणाची तरी होणार होती. घरी सासूबाईंचं सहावं दुपटं होत आलं असेल. त्यांना आज पुन्हा झोप लागणार नाही, आणि ती झोप आपण आपल्या हाताने काढून घेतली, हे तिला फार लागलं. आपल्याला डोळेच नसते तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. मागे लोखंडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता.

"सापडलं," ती म्हणाली.

ठोकणं थांबलं.

"परवा जायचंय मोठ्या हॉस्पिटलात," ती म्हणाली. "बाळ तिथेच होईल. ऑपरेशनही तिथेच. ऐकताय ना?"

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "बरं झालं तू गेलीस."

"वर चढला असाल तर आधी खाली उतरा."

"खालीच आहे." त्याने नाक ओढलं. "आईला मी सांगतो. तू नको सांगू, तू दमलीस." मग लहान मुलासारखं विचारलं, "किती वेळ चालेल गं हे सगळं?"

पुढे साडेचार महिने होते, मग ऑपरेशन, मग त्यापुढचं देवाला ठाऊक. तिने पाय चपलांत सरकवले.

"पाच मिनिटं," ती म्हणाली, आणि मग दोघंही फोन कानाला धरून रडत राहिली.